लाकडी शिडाच्या जहाजाचं किट जोडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न (बडोद्याची हवा लक्षात घेऊन)

इथली उत्तरं 1:64 प्रमाणातल्या, एका डोलकाठीच्या, साधारण 30 सेंमी लांब सांगाड्याच्या किटला धरून दिली आहेत. तुमचं किट वेगळं असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पहिलं किट कोणतं घ्यावं?

एक किंवा दोन डोलकाठ्यांचं, बल्कहेडवर (मधल्या कण्यावर आडव्या बसणाऱ्या, फासळ्यांसारख्या तुकड्यांवर) फळ्या बसवायच्या प्रकारातलं. तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज डब्यावर फार देखणं दिसतं, पण त्यात शेकडो गाठी आणि डझनावारी तोफा असतात. पहिल्याच खेपेला ते घेतलं तर सांगाडा अर्धवट राहून डबा माळ्यावर जातो. छोट्या किटलाही 80 ते 100 तास सहज लागतात. रोज तासभर बसलात तर तीन-चार महिन्यांचं काम आहे.

फळ्यांचे दोन थर असलेलं किट निवडा. पहिल्या थरात चुका होणारच, आणि त्या दुसऱ्या थराखाली झाकल्या जातात. एकच थर असलेलं किट स्वस्त पडतं, पण त्यात चुकायला जागा नसते.

डबा उघडल्यावर लगेच जोडायला घ्यावं का?

नाही. आधी यादीवरून भाग मोजा. फळ्या, डोलकाठीचे गोल दांडे, दोऱ्याची रिळं, पितळी खिळे, तीन भोकांच्या लाकडी चकत्या असं सगळं वेगवेगळ्या डब्यांत काढा. लेझरने कापलेले भाग शीटमधून लगेच सोडवू नका. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर घाला आणि लागेल तसा एकेक भाग काढा. सुटे केलेले बल्कहेड एकमेकांसारखे दिसतात, आणि चौथा कोणता नि पाचवा कोणता हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मग पठाण तपासा. प्लायवूडचा हा मधला कणा डोळ्यासमोर आडवा धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. बाक दिसला तर दोन्ही बाजूंना ओलं फडकं फिरवा, ओट्याच्या सपाट दगडावर ठेवा, वर दुसरी फरशी आणि वजन ठेवून 24 तास सोडा. वाकड्या कण्यावर सरळ जहाज उभं राहत नाही. नंतर कितीही घासलं तरी हा दोष निघत नाही.

सगळं लाकूड आठवडाभर खोलीच्या हवेत राहू द्या, म्हणजे ते इथल्या दमटपणाशी जुळतं.

माहितीपुस्तिकेतले शब्द समजत नाहीत. मराठीत काय म्हणतात?

कोकणच्या किनाऱ्यावर यातल्या बऱ्याच गोष्टींना जुने शब्द आहेत. कील म्हणजे पठाण, पुढचं टोक म्हणजे नाळ, मास्ट म्हणजे डोलकाठी, शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ती परबाण, रडर म्हणजे सुकाणू. डावी-उजवी बाजू नेहमी नाळेकडे तोंड करून ठरवायची. बल्कहेड, श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरून ठेवणारे दोर), डेडआय (श्राउड ताणून बांधायच्या तीन भोकांच्या चकत्या) हे शब्द तसेच ठेवलेले बरे, पुस्तिकेशी ताळा घालायला सोपं जातं.

सांगाडा म्हणजे नेमकं काय, हे मुलांना दाखवायचं असेल तर कमाटीबागेतल्या संग्रहालयात न्या. 1944 मध्ये महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. लांब कणा, त्यातून दोन्ही बाजूंना निघालेल्या फासळ्या. पठाण आणि बल्कहेड यांचं नातं तिथे एका नजरेत कळतं.

हत्यारं काय काय लागतात?

11 नंबरची पाती लागणारी क्राफ्ट नाइफ, स्टीलची 30 सेंमी पट्टी, छोटा गुण्या, बारीक कानशींचा संच, 120, 180, 240 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर, दोन टोकदार चिमटे, 0.5 ते 1.5 मिमी ड्रिल लागणारा हाताचा पिन व्हाइस. पिन व्हाइस, चिमटे आणि बारीक ड्रिल सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात चांगली मिळतात. त्यांची पकड खेळण्याच्या दुकानातल्या संचापेक्षा पुष्कळ बरी असते. पकडीसाठी कपड्यांचे चिमटे, बाइंडर क्लिप आणि रबर बँड पुरतात.

पाती मात्र भरपूर ठेवा. बोथट पातं फळी कापत नाही, चिरडतं, आणि हात घसरतो तोही बोथट पात्यामुळेच.

गोंद कोणता वापरावा?

सांगाडा आणि फळ्यांसाठी लाकडाचा पांढरा गोंद, म्हणजे फेव्हिकॉल. जोड 20 मिनिटं दाबून ठेवा आणि रात्रभर त्याला हात लावू नका. जहाज पाण्यात सोडायचं नसल्यामुळे मरीन प्रकाराची गरज नाही.

फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद फळीचं टोक धरून ठेवण्यापुरता, टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच घ्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो फार लवकर धरतो आणि आजूबाजूला पांढरी धुरकट छटा सोडतो. डेक (जहाजाची वरची सपाट फरशी) अशा नजरेत येणाऱ्या जागी तो वापरूच नका. खिडकी उघडी ठेवा आणि चेहरा जोडावर वाकवू नका.

बल्कहेड सरळ बसलेत हे कसं ओळखायचं?

आधी सगळे बल्कहेड गोंद न लावता बसवून बघा. खाच घट्ट असेल तर कानशीने दोन-तीन हात मारा, ठोकू नका. ठोकल्याने पठाणच वाकतो. बल्कहेडचा माथा पठाणाच्या वरच्या कडेशी एका रेषेत यायला हवा. त्यावर खोटा डेक (डेकच्या फळ्या ज्यावर चिकटवायच्या तो पातळ तुकडा) ठेवून बघा, कुठे उचलला जात असेल तर तो बल्कहेड वर राहिला आहे. मग एकेक चिकटवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी गुण्या लावा. गोंद वाळेपर्यंत कोपऱ्यात काटकोनी लाकडी ठोकळा दाबून ठेवला तर बल्कहेड कलत नाही.

बल्कहेडच्या कडा घासायच्या म्हणतात, म्हणजे किती?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या बऱ्याच उशिरा दिसतात, म्हणून हे सविस्तर.

बल्कहेड कापलेला असतो काटकोनात, पण फळी त्यावरून जाते तिरकी. नाळेकडे जहाज निमुळतं होत जातं. तिथल्या बल्कहेडची कड तशीच ठेवली तर फळी फक्त पुढच्या धारेवर टेकते आणि मागे पोकळी राहते. अशा ठिकाणी गोंद धरत नाही आणि बाहेरून जहाजाच्या अंगावर उंचवटे दिसतात.

लेझरने कापलेल्या कडेवर जळल्याचा काळा थर असतो. तोच तुमची खूण आहे. नाळेकडच्या बल्कहेडची पुढची धार घासा, आणि मागच्या धारेवर केसाएवढी काळी रेघ शिल्लक ठेवा. पिछाडीकडच्या बल्कहेडला नेमकं उलटं: मागची धार घासायची, पुढची काळी रेघ राखायची. मधले दोन-तीन बल्कहेड जवळजवळ तसेच राहतात, त्यांचा फक्त काळेपणा काढा, म्हणजे गोंद धरेल. ती राखलेली काळी रेघही गेली तर बल्कहेड लहान झाला. तिथे फळीचा 0.5 मिमी तुकडा चिकटवून पुन्हा घासावा लागतो.

घासायला पॉलिश पेपर बोटावर गुंडाळू नका. 25 सेंमी लांब सपाट पट्टीवर 120 नंबर चिकटवा आणि एका वेळी तीन बल्कहेडवरून फिरवा. बोटाने घासलं तर प्रत्येक बल्कहेडला वेगळा खळगा पडतो. दर थोड्या वेळाने एक फळी वाकवून अंगावर धरा आणि उजेडाकडे बघा. फळी आणि बल्कहेड यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला की थांबा. या कामाला दोन-तीन संध्याकाळी द्या. इथे वाचवलेला वेळ पुढे दामदुपटीने भरावा लागतो.

नाळेकडे फळ्या मावत नाहीत, एकमेकींवर चढतात. का?

कारण नाळेकडे अंतर कमी असतं आणि फळ्या तेवढ्याच रुंद राहतात. फळी लावण्याआधी मोजणी करा. कागदाची पट्टी मधल्या बल्कहेडवर डेकच्या कडेपासून पठाणापर्यंत वळणावरून टेकवा. समजा 75 मिमी भरले. फळी 5 मिमी रुंद, म्हणजे एका बाजूला 15 फळ्या. आता पहिल्या बल्कहेडवर तसंच मोजा. 45 मिमी भरले तर 45 भागिले 15, म्हणजे तिथे प्रत्येक फळी 3 मिमी रुंद हवी. फळी मधल्या बल्कहेडपासून नाळेपर्यंत 5 वरून 3 मिमीवर निमुळती करायची. दोन-तीन फळ्या एकत्र क्लिपमध्ये धरून छोट्या रंध्याने किंवा पट्टीवरच्या पॉलिश पेपरने उतरवल्या तर सारख्या होतात.

फळी निम्म्याहून अरुंद करू नका. 5 मिमीची फळी 2.5 मिमीच्या खाली गेली की तिथे खिळा किंवा टाचणी मारताच चिरते. उत्तर 2 मिमी येत असेल तर एक फळी नाळेपर्यंत न नेता मध्येच थांबवून शेजारच्या फळीत खाच घालून बसवा.

पिछाडीला नेमकं उलटं होतं. तिथे 80-82 मिमी भरतात आणि 15 फळ्या कमी पडतात. तिथे फळ्या ताणू नका. त्यांना नैसर्गिक वळणाने जाऊ द्या आणि राहिलेल्या त्रिकोणी फटीत पाचरीसारखी फळी भरा. खऱ्या जहाजावरही सुतार तेच करत.

फळ्या कोणत्या क्रमाने लावायच्या?

पहिली डेकच्या रेषेला. मग डावीकडे दोन, उजवीकडे दोन. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी, असं कधीच करू नका. गोंदातलं पाणी लाकूड फुगवतं, वाळताना लाकूड आक्रसतं, आणि एका बाजूचा हा ओढा सगळ्या सांगाड्याला केळ्यासारखा बाक देतो.

पितळी खिळे अर्धेच ठोका आणि गोंद वाळल्यावर उपटून काढा. आत राहिलेला खिळा नंतर घासताना पेपर फाडतो.

फळी वाकवताना मोडते.

लाइमसारख्या मऊ लाकडाची 1.5 मिमी फळी गरम पाण्यात 20 ते 30 मिनिटं भिजवा. दुसऱ्या थराची 0.5 मिमी अक्रोडाची पट्टी पाच-दहा मिनिटांत तयार होते, जास्त भिजवली तर तंतू सुटतात. मग केस सरळ करायच्या इस्त्रीवरून किंवा गरम सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावरून हळूहळू वळण द्या. वाफ निघत असते तोवर लाकूड ऐकतं, वाफ थांबली की जोर लावू नका. वाकवलेली फळी सांगाड्यावर क्लिपांनी बांधून रात्रभर कोरडी होऊ द्या, मगच गोंद लावा. ओली चिकटवली तर वाळताना अरुंद होते आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते.

फटी पडल्याच. आता?

पहिल्या थरात चिंता नाही. त्याच लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून लापशीइतका घट्ट करा, फटीत दाबा, दुसऱ्या दिवशी घासा. खळगा मोठा असेल तर फळीचा तुकडा बसवून घासा. शेवटी डोळे मिटून हाताने जहाजाचं अंग चाचपा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

दुसऱ्या थरात मात्र ही लापशी वापरू नका, डाग दिसतो. तिथे फट पडू नये म्हणून कडा आधीच नीट जुळवायच्या.

स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावल्यावर पांढरे डाग का दिसतात?

तिथे गोंद सांडला होता. गोंदावर रंग मुरत नाही. सुटे भाग आधी स्टेन करा, मग चिकटवा. सांडलेला गोंद ओल्या कापडाने लगेच टिपा, पसरवू नका. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात दिले तर अक्रोडाचा रंग सुंदर उघडतो, पण भर पावसाळ्यात लावू नका, दमट हवेत लाखेवर पांढुरकं येतं.

डेकच्या फळ्यांची लांबी किती ठेवायची?

खऱ्या जहाजावर फळी 6 मीटरच्या आसपास धरली, तर 1:64 ला साधारण 94 मिमी. डेकभर एकच लांब पट्टी चिकटवली तर खेळण्यासारखं दिसतं. प्रत्येक फळीची एक कड 2बी पेन्सिलीने काळी करा, म्हणजे डांबर भरलेल्या सांध्याचा भास होतो. शेजारच्या फळ्यांचे जोड एकाच बल्कहेडवर येऊ देऊ नका. डेक पॉलिश पेपरने घासला तर पेन्सिलीचा काळा रंग पसरतो. नव्या पात्याची धार उभी धरून खरवडा.

पावसाळ्यात काम बंद ठेवावं का?

बंद नको, कामाची निवड बदला. लाकूड दमट हवेत रुंद होतं आणि कोरड्या हवेत अरुंद. ऑगस्टमध्ये घट्ट बसवलेल्या फळ्यांमध्ये एप्रिल-मेच्या बडोद्याच्या उन्हात केसाएवढ्या फटी उघडतात. म्हणून फळ्यांचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा. पावसाळ्यात डोलकाठी निमुळती करणं, छोट्या होड्या, तोफांचे गाडे, नांगर अशी सुटी कामं करा. उरलेलं लाकूड झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

डोलकाठी कशी निमुळती करायची?

आधी दांडा काचेवर लोळवा. उड्या मारत गेला तर वाकडा आहे, बदलून घ्या. 5 मिमी दांडा वर 3 मिमी करायचा असेल तर कानशीने आधी चौकोनी, मग अष्टकोनी उतार काढा आणि शेवटी गोल घासा. ड्रिलमध्ये धरून पेपरच्या घडीतून फिरवलं तरी चालतं, फक्त गती कमी ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबून मोजा. डोलकाठी डेकमध्ये बसवल्यावर पुढून आणि बाजूने बघा. बाजूने थोडा मागे कल नकाशात असतोच, पुढून मात्र अगदी उभी हवी.

दोरे कोणते? उत्तरायणाची (संक्रांतीच्या पतंगांची) उरलेली फिरकी चालेल का?

मांजा अजिबात नको. त्यावर काचेची भुकटी असते. ती बोटं कापते, आणि एक दोरा दुसऱ्यावर घासला की तोही कापला जातो. न रंगवलेला साधा सुती दोरा चालतो, पण तो केसाळ असतो. मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झटकन ओढून केस जाळा, मग मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा. मेणबत्तीचं मेण वापरू नका, ते कडक होऊन पापुद्रे पडतात.

डोलकाठीला धरून ठेवणारे स्थिर दोर काळे किंवा गडद तपकिरी, कारण खऱ्या जहाजावर ते डांबरलेले असत. शिडं हलवणारे दोर फिक्या रंगाचे. श्राउडना 0.75 मिमी, रॅटलाइनना (श्राउडवर शिडीच्या पायऱ्यांसारखे बांधलेले आडवे दोर) 0.25 मिमी.

सुती दोरा दमट हवेत आखूड होतो. जानेवारीत तारेसारखा ताणून बांधलेला दोर जुलैत डोलकाठीचं टोक ओढतो, कधी बारीक परबाण मोडतो. बोटाने दाबल्यावर किंचित दबेल इतकाच ताण द्या. पॉलिएस्टरचा दोरा घेतला तर ही अडचण राहत नाही. गाठीवर फेव्हिकॉल आणि पाणी समान मिसळून कुंचल्याने लावा. झटपट गोंदाने दोरा चकाकतो आणि ठिसूळ होतो.

रॅटलाइन बांधल्यावर श्राउड मधे ओढले जातात.

प्रत्येक गाठ थोडी जास्त आवळली की असं होतं. पांढऱ्या कार्डावर 6 मिमी अंतराने आडव्या रेघा मारून ते श्राउडच्या मागे लावा. आधी दर पाचवी ओळ बांधा, मग मधल्या. मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची गाठ), दोन टोकांना साधी गाठ. दर दोन ओळींनंतर समोरून बघा. बाहेरचे श्राउड सरळ रेषेत नसतील तर गाठ ओली असतानाच सैल करा.

डेडआय एका उंचीवर येण्यासाठी तारेचा यू आकार वाकवा, एक टोक खालच्या चकतीच्या भोकात, दुसरं वरच्या चकतीच्या भोकात. दोन चकत्यांमधलं अंतर तीच तार ठरवते. श्राउड एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असे जोडीने बांधा, नाहीतर डोलकाठी कलते.

किटमधलं शिडाचं कापड जाड वाटतं.

वाटतं नव्हे, असतंच. मंगळबाजारातून पाव मीटर बारीक मलमल आणा, धुऊन खळ काढा. 250 मिली पाण्यात दोन चमचे कोरा चहा उकळून गाळा, गार करून कापड दहा मिनिटं बुडवा, सावलीत वाळवून इस्त्री करा. मशीनची शिलाई घालण्याआधी हिशोब करा: 2 मिमीचा टाका 1:64 ला खऱ्या जहाजावर 12.8 सेंमीचा होतो. म्हणून कड दुमडून पातळ फेव्हिकॉलने चिकटवणं आणि शिवणीच्या रेघा टोकदार पेन्सिलीने ओढणं जास्त खरं दिसतं. गुंडाळलेलं शीड दाखवायचं असेल तर कापडाची उंची तिसरा हिस्साच ठेवा, पूर्ण कापड गुंडाळलं तर गादीची वळकटी दिसते.

उधई आणि भुंग्यापासून कसं वाचवायचं?

बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. न वापरलेल्या लाकडावर 1-2 मिमी गोल भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागला आहे. ते लाकूड पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका.

तयार जहाज अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ठेवा, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर. दोऱ्यांवरची धूळ पुसून निघत नाही, पुसताना दोरा तुटतो. पेटीच्या तळाला मागच्या बाजूने दोन छोटी भोकं ठेवा, हवा खेळती राहते.

पुढचं जहाज कोणतं करावं?

आपल्याकडे बांधलेलं घ्या. ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलं, 1817 मध्ये पाण्यात सोडलं, आणि ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. तीन डोलकाठ्यांचं असल्यामुळे दुसरं नव्हे, तिसरं किट म्हणून योग्य. मधल्या पायरीला दोन डोलकाठ्यांचं स्कूनर करा: श्राउड आणि रॅटलाइनचा हात तिथे बसतो, आणि परबाणी थोड्याच असल्यामुळे दोऱ्यांचा गुंता होत नाही.